ताण आणि विझणे : दोन शब्दांचा इतिहास



कामगार संघटनेच्या माणसास वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई अगर नवे कायदे यांवर बोलणार, असे सर्वजण गृहीत धरतात. आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी तो फोनवर पुन्हा एकदा विचारून घेतला. मानसशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. आमचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचन मंदिराच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. परंतु गेली तीस वर्षे आम्ही ज्यांच्यात वावरलो, ती माणसे डॉक्टरकडे जाण्याआधी आमच्याकडे येतात आणि येताना बहुधा एकच शब्द घेऊन येतात. "दादा, टेन्शन आहे."

या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी नांदतात हे समजण्यास आम्हांस उशीर लागला, आणि त्या उशिराची किंमत आम्ही दिली नाही, दुसऱ्याने दिली. ती हकीकत शेवटी सांगू. आधी शब्दांचा इतिहास पाहू. कारण या दोन्ही शब्दांना जन्मतारखा आहेत, आणि त्या आपल्या समजुतीपेक्षा बऱ्याच अलीकडच्या आहेत.

'ताण' हा शब्द आपल्याकडे जुना आहे, पण तो माणसाचा नव्हता. तो दोरीचा, तंबूचा, वीणेच्या तारेचा आणि मागाचा होता. विणकराच्या उभ्या धाग्यांना आपण ताणा म्हणतो. ताणा सैल असेल तर कापड विणताच येत नाही, आणि प्रमाणाबाहेर ओढला तर धागे तुटतात. म्हणजे ताण ही मुळात वाईट वस्तू नव्हे. ती मापाची वस्तू आहे. इंग्रजीतला 'स्ट्रेस' हा शब्दही असाच पूल, तुळया आणि लोखंडी गज यांच्या शास्त्रातून माणसाकडे आला. त्या शास्त्रात धातूवर पडणाऱ्या जोरास एक नाव असते आणि त्या जोराने धातूच्या आकारात जो फरक पडतो त्यास दुसरे. जोर काढला की गज पूर्ववत होतो. मात्र एका मर्यादेपलीकडे ओढला तर तो वाकलेलाच राहतो. ही मर्यादा ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

हा शब्द माणसाच्या देहास चिकटविण्याचे श्रेय हान्स सेल्ये या डॉक्टराकडे जाते. सेल्ये १९०७ साली व्हिएन्नात जन्मले, प्रागला वैद्यक शिकले आणि पुढे कॅनडात मॉन्ट्रियल येथे स्थायिक झाले. विद्यार्थिदशेत त्यांना एक साधी गोष्ट जाणवली होती. प्राध्यापक निरनिराळ्या रोगांचे रोगी दाखवीत, प्रत्येकाची खास लक्षणे सांगत. पण सेल्यांना दिसे ते हे, की रोग कोणताही असो, ही सारी माणसे एकसारखीच 'आजारी' दिसतात. भूक नाही, अंगात त्राण नाही, चेहरा उतरलेला. दहाएक वर्षांनी मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचताना तेच पुन्हा समोर आले. अर्क कोणताही टोचा, थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, परिणाम एकच: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. ४ जुलै १९३६ रोजी 'नेचर' या साप्ताहिकात त्यांनी एक छोटे पत्र छापले. गमतीची गोष्ट अशी, की ज्या पत्राने या शास्त्राचा पाया घातला त्यात 'स्ट्रेस' हा शब्द नाही! तो त्यांनी मागाहून स्वीकारला. १९५६ साली त्यांचे याच विषयावरचे लोकप्रिय पुस्तक आले आणि शब्द घरोघर पोचला.

सेल्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली धोक्याच्या घंटेची. तिचे वर्णन हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालीच केले होते: छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, पचन थांबते, देह लढण्यास अगर पळण्यास सिद्ध होतो. दुसरी पायरी तग धरण्याची. तिसरी थकून कोसळण्याची. ताणाचे हे गणित आजही पुष्कळसे टिकून आहे. ताण म्हणजे मागणीला देहाने दिलेले उत्तर. मागणी वाढली की उत्तर वाढते, मागणी सरली की देह हळूहळू जागेवर येतो. परीक्षा, लग्नघर, वर्षअखेरचा हिशेब, सगळीकडे हाच चढउतार. पुढे सेल्यांनी स्वतःच सांगून टाकले, की सगळा ताण घातक नसतो.

येथे आमच्या धंद्याची खोड म्हणून एक प्रश्न विचारतो: पैसा कुणाचा? सेल्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. त्यांवरून दिसते, की सेल्यांनी या कंपन्यांकडून संशोधनासाठी पैसे घेतले होते, आणि हृदयविकाराचे खापर सिगारेटीवरून काढून ताणावर फोडणे कंपन्यांना फार सोयीचे वाटत होते. एवढ्याने सेल्यांचे उंदीर खोटे ठरत नाहीत. परंतु ताण हा शब्द इतक्या वेगाने का पसरला, याचे एक उत्तर येथे आहे. तो कुणालाच दोषी धरीत नाही. रक्तदाब कामगाराचा, स्वभाव कामगाराचा, म्हणून उपायही कामगारानेच करायचा.

आता आपल्या मुंबईकडे वळू. कारण प्रयोगशाळेत नाव मिळण्याआधी ही गोष्ट गिरणीत अनुभवास आली होती. प्रारंभी गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो केवळ मुलांपुरता. १८८४ साली महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १८९० साली, मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी मिळाली. आपण आज रविवारी दुपारी निवांत वामकुक्षी करतो, तिचे काही देणे लोखंड्यांकडे लागते हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. प्रकाश आला म्हणून आनंद व्हावा, तर सूर्यास्ताची मर्यादाच नाहीशी झाली आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा होऊ लागला. मग १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा घातली; १९२२ साली आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ साली ५४, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८.

विलायतेतही असेच घडत होते. तूरिनचे आंजेलो मोसो यांनी बोटाला वजन बांधून थकवा मोजण्याचे यंत्र केले आणि १८९१ साली थकव्यावर ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने दारूगोळा कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीसाठी १९१५ साली समिती नेमली. रविवारचे काम बंद करून आणि तास कमी करूनही उत्पादन घटत नाही, कित्येकदा ते वाढते, असे तिला आढळून आले. मालकवर्गाने हे सत्य शंभर वर्षांत किती वेळा नव्याने शोधले, त्याची मोजदाद नाही.

आणि मग १९२८ चा मुंबईचा मोठा संप. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. कारणे अनेक होती; त्यांतले एक असे, की दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत आणि कातकामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी नवी पद्धत आणली जात होती. तिसरा माग म्हणजे काय, हे साचेखात्यात उभे राहिल्यावाचून समजत नाही. पहिल्या मागाचा धागा जोडताना दुसऱ्याची कांडी संपलेली असते, आणि तिसऱ्याकडे पाठ असते. डोळा, कान, पाय यांपैकी एकासही क्षणाची उसंत नाही. ताण या शब्दाची याहून चांगली व्याख्या आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

आमच्या चळवळीने मिळवलेले सारे तास, साऱ्या सुट्या, मागांच्या संख्येवरचे सारे करार, ही हत्यारे ताणाविरुद्ध घडविलेली आहेत. ती चांगली आहेत. ती आजही पुष्कळांच्या हातात नाहीत, ही लाजेची गोष्ट आहे. परंतु दुसरी जी अवस्था आहे तिच्यावर ही हत्यारे चालत नाहीत, आणि हे आम्हांस कुणी शिकविले नव्हते.

त्या दुसऱ्या अवस्थेचे नाव 'बर्नआउट'. आपण तिला विझणे म्हणू. दिव्यात तेल आहे तोवर वात जपली जाते. तेल सरले की वात स्वतःच जळू लागते. इंग्रजीत हा शब्द एका चमत्कारिक वाटेने आला. कुष्ठरोगाच्या वसाहतींत, ज्याचा रोग बोटे वगैरे खाऊन अखेर शमला आहे, अशा रोग्यास डॉक्टर जळून विझलेला रोगी म्हणत. ग्रॅहॅम ग्रीन या कादंबरीकाराने १९६० साली हेच नाव एका कादंबरीला दिले. ती काँगोमधल्या अशाच वसाहतीत घडते आणि तिचा नायक आहे एक नामवंत वास्तुशिल्पी, ज्याची कामावरची, माणसांवरची, देवावरची सारी आस्था संपलेली आहे. विश्रांती घेऊन त्याचे काही होणारे नव्हते. तो दमलेला नव्हताच.

शास्त्रात हा शब्द आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी. १९२६ साली फ्रँकफुर्टला ज्यू कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ, नाझींच्या तावडीतून सुटून लहानपणीच न्यूयॉर्कला आले. पुढे मानसोपचाराचा व्यवसाय चांगला चालत असता ते संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जाऊ लागले. तेथे व्यसनांत बुडालेली तरुण मुले येत. दवाखाना चालविणारे बहुतेक स्वयंसेवक होते: ध्येयवादी, हसतमुख, घड्याळाकडे न पाहणारे. काही महिन्यांत यांच्यातलेच काहीजण चिडखोर होत, रोग्यांची टिंगल करू लागत आणि शेवटी नुसते हजर राहत. व्यसनाने पोखरलेल्या मुलांसाठी त्या वस्तीत जो 'जळून गेलेला' असा शब्द होता, तोच फ्रॉइडेनबर्गरनी या सेवकांना लावला आणि १९७४ साली त्यावर लेख लिहिला. ते स्वतःही यातून सुटले नव्हते, हे त्यांनी लपविले नाही.

आम्ही तो लेख वाचला तेव्हा हसू आले आणि मग आले नाही. जो पेटलाच नव्हता तो विझणार कसा? पोटापुरते काम करून घरी जाणारा माणूस दमतो, कावतो, आजारी पडतो. पण विझतो तो बहुधा ज्याने कामात जीव ओतलेला असतो तो. शिक्षक, परिचारिका, समाजसेवक, आणि होय, संघटनेचे कार्यकर्ते.

कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या क्रिस्टिना मास्लाख यांनी या अवस्थेची मोजपट्टी केली. १९८१ साली ती सुझन जॅक्सन यांच्यासह प्रसिद्ध झाली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. मन रिते होणे, ही पहिली. दुसरी खूण म्हणजे समोरचा माणूस माणूस न वाटता वस्तू वाटू लागणे. आणि तिसरी, आपल्या हातून काही होत नाही अशी खात्री पटणे. ताणात यांतली पहिली असू शकते, बाकीच्या दोन सहसा नसतात. ताणलेला माणूस म्हणतो, 'एवढे काम एकदा हातावेगळे होऊ दे.' विझलेला माणूस म्हणतो, 'होऊन तरी काय उपयोग?' पहिल्यास काळजी अति आहे. दुसऱ्याची काळजीच संपली आहे.

दुसरी खूण आम्ही स्वतःवर अनुभवली आहे. एका वर्षी, दोन बंद पडलेल्या कारखान्यांची प्रकरणे एकाच वेळी चालू असता, एका मयत कामगाराच्या पत्नी भविष्यनिर्वाह निधीचे कागद घेऊन कचेरीत आल्या. आम्ही वर न पाहता म्हणालो, "मयताची फाइल ना? सोमवारी या." त्या बाई गेल्या. सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने दारातून वळून आमच्याकडे पाहिले, ते अजून विसरलो नाही. त्या महिन्यात आम्ही फार काम केले होते, अशी समजूत आम्ही स्वतःची घालून घेतली. खरी गोष्ट अशी होती, की दोन्ही खटले हरणार हे आम्हांस कळून चुकले होते.

मग तेल सरते कशाने? मास्लाख आणि मायकेल लायटर यांनी १९९७ साली सहा जागा दाखविल्या: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांचे नाते, न्याय, आणि मूल्ये. बोजा हा सहांतला एक आहे, हे पाहून आम्ही थबकलो. आमची सारी हत्यारे त्या एकासाठी होती. ताब्याविषयी तर लंडनहून जबरदस्त पुरावा आला. तेथील सरकारी नोकरांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. समजूत अशी, की वरच्या साहेबाला जबाबदारी अधिक, म्हणून हृदयविकारही त्यालाच. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमके उलटे दिसले: जसजसे पायरीने खाली यावे तसतसे हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत, दहा हजारांवर माणसांच्या नोंदींतून, कामावर ताबा नसणे हे त्याचे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. आपल्याकडे जून २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, राज्यातील आशा सेविकांनी संप केला. घरोघर फिरणाऱ्या, रोग्यांना धीर देणाऱ्या या बायकांना वेतन नव्हते. मानधन होते, आणि हुद्दा स्वयंसेविकेचा. त्यांचे पाय दुखत होतेच. पण मोर्चात ज्या बोलत होत्या त्या पायांविषयी बोलत नव्हत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्यास रोग म्हटले नाही. व्यवस्थित न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी, नोकरीधंद्याशी निगडित अवस्था म्हटले. ही व्याख्या आम्हांस बरी वाटते, कारण ती बोट कामाकडे करते. मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. ज्याला घरी, सणासुदीला, पोराबाळांतही काही गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याचे प्रकरण निराळे असू शकते. ती खिन्नता हा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि तेथे युनियनच्या पुढाऱ्याचे नव्हे, डॉक्टरचे दार वाजवावे.

आता ती हकीकत. २००९ साल. वाहनांचे सुटे भाग करणारा एक कारखाना. नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच हंगामात दोघेजण आमच्याकडे आले. पहिला एक तरुण फिटर. एक प्रेस मोडली होती, दुसरी येईपर्यंत सहा आठवडे त्याने दिवसाचे बारा-बारा तास काढले. आम्लपित्त, डोळ्यांची आग, बायकोशी भांडणे. दुसरे होते तपासणीच्या बाकावरचे एक जुने कामगार. सारा कारखाना त्यांना मामा म्हणे. बावीस वर्षे एका बाकावर. बसून काम, डोक्यावर पंखा, आठ तास, ओव्हरटाइम नाही. नवी पोरे आली की मामा त्यांना गेज धरायला शिकवीत: "आपल्या वजनानं उतरला पाहिजे. ढकलायचा नाही. ढकललास की तू खोटं बोललास."

दोन वर्षांपासून महिनाअखेरीस लाल पेटीतला, म्हणजे मामांनी नापास केलेला माल उचलून रवाना होऊ लागला होता. मामांनी तक्रार केली. "तुम्ही मोजा फक्त, पुढचं आम्ही बघतो," असे उत्तर मिळाले. चिठ्ठीवर शिक्का मात्र मामांचाच. प्रथम ते भांडले. मग नोंदवहीत लिहीत राहिले. मग लिहिणे सोडले. आमच्याकडे आले तेव्हा ते गेज न लावताच शिक्के मारीत होते, हे पोरांनी आम्हांस आधीच सांगितले होते. ते एवढेच म्हणाले, "झोप होते रे. उठतो तो दमलेलाच उठतो."

आम्ही दोघांसाठी एकच मागितले: रजा. फिटरला चार दिवस मिळाले. तो गावच्या जत्रेला गेला, नवी प्रेस बसली, आणि परत आला तो शीळ वाजवीत. मामांसाठी आम्ही महिनाभराची भरपगारी रजा भांडून मिळवली आणि तसा फलक मोठ्या अक्षरांत लावला. मामा कोकणात गेले, पोफळीला पाणी घातले, चेहरा भरला. परत आल्यावर आठव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला सहा वर्षे उरली होती. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि आम्हांस काही दोष दिला नाही. दोष द्यायलाही थोडी धग लागते.

२०१२ च्या करारात आम्ही एक कलम घातले. पगारवाढीच्या कलमाला चार बैठका लागल्या, याला सात. नापास माल तपासनिसाच्या लेखी संमतीवाचून पुढे जाऊ नये, अशी आमची मागणी होती. ती पुरी मिळाली नाही. मिळाले ते असे, की वरिष्ठांनी तसा माल पाठवला तर त्यावर शिक्का आणि सही वरिष्ठांची राहील, तपासनिसाची नाही. पुढच्या तिमाहीत लाल पेटीतून उचलला जाणारा माल जवळजवळ थांबला.

करारपत्राची एक प्रत आम्ही मामांना गावी पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. कलमाविषयी ते काहीच बोलले नाहीत. त्या बाकावर आता कोण बसतो, एवढे विचारले. त्यांनीच शिकवलेल्या पोरांपैकी एकाचे नाव आम्ही सांगितले.

"गेज ढकलत नाही ना?" मामांनी विचारले.